शाळेचा बँड

पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी निघाली की गावाचे लक्ष आधी शाळेच्या बँडकडे जाते. सोळा तारखेला मात्र ती वाद्ये कपाटात जातात, ती थेट जानेवारीतच बाहेर निघतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांत तीस वर्षे संगीत शिकवून मी निवृत्त झालो. तेवढ्या अनुभवावर आज दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट शिकण्याची. आपल्या शाळांतल्या बिगुलाला कळ नसते. फुंकीच्या आणि ओठांच्या जोरावर त्यातून मुख्यतः सा, ग, प हेच स्वर निघतात. म्हणून राष्ट्रगीत एकट्या बिगुलावर यायचे नाही. त्याला बासरी हवी. त्याची पूर्ण धून सुमारे ५२ सेकंदांची. मुले घाई करतात, अन् ती चाळिसातच आटोपते! २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी घटना समितीत निवेदन केले, त्यात राष्ट्रगीताची धून बँडवर वाजविण्याजोगी असावी हा मुद्दा होता. 'वंदे मातरम्'ही बँडवर बसते हे दाखविण्यासाठी आपल्या मास्तर कृष्णरावांनी केवढी खटपट केली! जे काम इतक्या थोरांनी मनावर घेतले, ते चार दिवसांच्या तालमीत कसे साधावे? दुसऱ्याचे ऐकत ऐकत आपले वाजवायचे, ही सवय वर्षभर लावावी लागते.

दुसरी गोष्ट मानाची. पूर्वी मी मुलांची निवड करीत असे. एका मुलाचा हात तालाला फार पक्का. त्याला साइड ड्रम दिला, तर दुसऱ्या दिवशी वडील शाळेत हजर. म्हणाले, "गुरुजी, आमी वाजवणं सोडलं. आता पोराच्या गयात डफडं नका अडकवू."

त्यांचे म्हणणे रास्त होते. गावाच्या लग्नात पिढ्यान्‌पिढ्या वाजवायचे त्यांनी आणि पंगतीला बसायचे मात्र दूर! विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, गवयाला समाजात मान मिळवून दिला. तो मान डफड्यापर्यंत कुठे पोचला होता?

त्या वर्षापासून मी एक नियम केला. वर्गातल्या प्रत्येक मुलाने आधी लाकडी फळीवर काठीचे हात शिकायचे, मग पाळीपाळीने सगळी वाद्ये घ्यायची. पाटलांच्या मुलानेही मोठा ढोल गळ्यात अडकवला. पावसाळ्यात कातडे सैल पडे, तेव्हा तो शेकायला सगळेच बसत. हल्ली प्लास्टिकचे पडदे आले, ते काम उरले नाही. तो पहिला मुलगा बासरीवर गेला. पुढच्या वर्षी फळीवरचे हात लहान मुलांना तोच शिकवू लागला. प्रभातफेरीच्या दिवशी त्याचे वडील रस्त्याच्या कडेला उभे असत.

मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझे सांगणे एवढेच की, आठवड्याला संगीताचा एक तास तरी गणिताला देऊन टाकू नका. कपाटाची किल्ली संगीत शिक्षकाजवळ राहू द्या. आणि काठी कोणत्या मुलाच्या हाती द्यायची, हे त्याच्या आडनावावरून ठरवू नका.