बुरुडाने बांबू कोठून आणावा?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस शिक्षणावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली होती. परंतु अलीकडे समाजातील जो तो आम्हांस एकच प्रश्न विचारतो : जंगले ग्रामसभांकडे गेली, आता बुरुडाने बांबू आणावा कोठून? पोटाचा प्रश्न आधी, म्हणून शिक्षणाचे पुढल्या खेपेस पाहू.

आमचे वडील सुपे-टोपल्या विणीत. नोंदणीपत्रावर सवलतीचा बांबू मिळे. मिळे म्हणजे मिळावयाचा असे. आम्ही शाळकरी असताना एकदा त्यांच्याबरोबर आगारावर गेलो होतो. तीन दिवस खेटे घातले, तरी साठा नाही हेच उत्तर. आणि समोरच्याच रस्त्याने कागद गिरणीचे बांबूने भरलेले ट्रक जात होते. चौथ्या रात्री वडील जंगलातून बांबू घेऊन आले. चोरीने आणला, हे सांगण्यास आज आम्हांस संकोच नाही. संकोच वाटतो तो एवढ्याचा, की अंधारात त्यांना कोवळे-जून पाहता आले नाही आणि त्या वर्षीचे कोवळे कोंबही कोयत्याखाली गेले. कोंब तोडला की बेटाचा पुढला बांबूच गेला, हे आपल्याइतके कोणास ठाऊक!

१९२७ च्या वन कायद्याने बांबूस झाड ठरविले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यास गौण वनोपज म्हटले, आणि वनाचा हक्क व त्याच्या राखणीची जबाबदारी ही दोन्ही ग्रामसभेकडे एकत्र दिली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना गावाच्या हाती नव्हता. तो एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आला. या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत. एकाचा जरी विरोध असला तरी चर्चा पुढे चालते. (आपल्या मंडळाच्या सभेत तसे केल्यास जेवणाची वेळ टळेल, ही गोष्ट निराळी!)

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावास २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टरांचा हक्क मिळाला. तेंदूपानांसाठी फांद्या छाटल्या जातात व आगी लावल्या जातात, म्हणून त्या गावाने पानांची तोडणीच बंद केली. हातचा पैसा सोडून वन राखणारी माणसे आपणांस परकी का वाटावीत?

आज सभेपुढे एक ठराव येणार असल्याचे आम्ही ऐकतो : ग्रामसभांच्या वनातील बांबू सरकारने परस्पर आपणांस राखून द्यावा. या ठरावास आमचा विरोध आहे. सरकारी साठ्यातील आपली सवलत आपण अवश्य मागावी, भांडूनही मागावी. परंतु ज्या वाटेने गिरणीचे ट्रक गेले, त्याच वाटेने आपण गोंडांच्या दारावरून बांबू नेऊ लागलो, तर वडिलांचे ते तीन दिवस आपण विसरलो असेच म्हणावे लागेल.

त्यांच्या सभेत जाऊन गिऱ्हाईक म्हणून बसावे. किती जून बांबू, कोणत्या दराने, कोणी तोडावयाचा, हे समोरासमोर ठरवावे. आपली जी घरे अशा गावांतच आहेत, त्यांतील प्रौढ स्त्री-पुरुष ग्रामसभेचे सभासदच आहेत. त्यांनी घरी बसून कुरकुर करण्यापेक्षा तेथे बोलावे.

तोडीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. त्यापूर्वी पाच-सहा जणांनी जाऊन यावे, असे आमच्या मनात आहे. येऊ इच्छिणाऱ्यांनी आपली नावे भोजनापूर्वी चिटणिसांकडे द्यावीत. गाडीभाड्याचा आमचा वाटा आम्ही त्यांच्याकडे दिला आहे.