मनगटावरचें टपाल



आज मी ज्या वस्तूविषयीं बोलणार आहें, ती वजनानें दोन-अडीच तोळ्यांहून अधिक नाहीं. मनगटावर बांधावयाची ती एक पट्टी आहे, आणि ई-मेल आल्याची वर्दी द्यावी, एवढेंच काम मीं तिच्याकडे सोंपविलें आहे. एवढ्याशा गोष्टीसाठीं आपला वेळ कां घ्यावा, अशी शंका येणें साहजिक आहे. म्हणून ती पट्टी मला कां घ्यावी लागली, तें प्रथम सांगतों.

माझे थोरले बंधु उतारवयांत आपल्या मुलाकडे, कॅनडांतील टोरोंटो शहरीं, राहावयास गेले होते. एका हिंवाळ्यांत ते आजारी पडले व त्यांना रुग्णालयांत ठेवावें लागलें. माझा पुतण्या सर्व नातेवाइकांस एकदमच ई-मेल लिहून रोजची हकीकत कळवीत असे. एके दिवशीं तेथील सकाळीं आठ वाजतां त्यानें लिहिलें, "बाबा आज चांगले शुद्धीवर आहेत. काकांची आठवण काढतात. दुपारपर्यंत केव्हांही फोन करा, मी त्यांच्या उशाशींच आहें." त्या वेळीं आमच्याकडे नेरुळास सायंकाळचे साडेसहा वाजले होते. तें पत्र मीं वाचलें दुसऱ्या दिवशीं पहांटे. तोंवर बंधूंची शुद्ध हरपली होती. चौथ्या दिवशीं ते गेले. आमचें बोलणें झालें नाहीं.

पुतण्यानें लिहिण्यांत आळस केला नव्हता, आणि पत्र येण्यासही क्षणापलीकडे वेळ लागला नव्हता. रात्रभर तें माझ्याच टेबलावर, माझ्याच फोनमध्यें पडून होतें. फोन मींच मुका करून ठेवला होता. दिवसाकांठीं तीस-चाळीस ई-मेल येत. कोणी कर्ज देऊं करी, कोणी विमा, कोणी चपलांवर सवलत. प्रत्येकासरशीं फोन वाजे. कंटाळून मीं त्याचा आवाज बंद केला, आणि त्या गलबल्याबरोबर सख्ख्या भावाची हांकही बंद झाली.

पूर्वीं निरोपाच्या महत्त्वाप्रमाणें त्याची वर्दी असे. डाक नेणारा हरकारा घुंगुर लावलेली काठी घेऊन धांवे. तो नाद ऐकून गांवास टपाल आल्याचें कळे. तारेचें तर विचारूंच नका. तारवाला दारांत दिसला, कीं घरांतील माणसें हातांतलें काम टाकून उभीं राहत. आपल्या देशांतील ती तार जुलै २०१३ मध्यें बंद झाली. ई-मेलला असा वेगळा तारवाला नाहीं. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यानें १९७१ सालीं शेजारीं-शेजारीं ठेवलेल्या दोन यंत्रांमध्यें जाळ्यामार्फत पहिलें पत्र धाडलें, तेव्हां पत्रें मोजकीं व लिहिणारे ओळखीचे होते. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें सर्वसामान्यांस इंटरनेट खुलें केलें. पुढें जाहिरात व जिव्हाळा एकाच पिशवींतून येऊं लागलीं.

अंगावर बाळगावयाची वर्दीही आज नवी नाहीं. १९९९ मध्यें कॅनडांतीलच एका कंपनीनें ब्लॅकबेरी ८५० हें कमरेस लावावयाचें यंत्र काढलें. त्यावर ई-मेल येत असे. २०१३ मध्यें पेबल नांवाचें घड्याळ निघालें. तें फोनमधील निरोप मनगटावर दाखवी. २०१४ मध्यें शाओमीनें काढलेल्या पहिल्या मी बँडला पडदासुद्धां नव्हता. तीन बारीक दिवे आणि कंप, एवढाच त्याचा कारभार. माझी गरज ती एवढीच होती.

मी वाशीच्या बाजारांत गेलों. दुकानदार तरुण आणि अगत्यशील होता. "काका, यांत सगळें आहे," तो म्हणाला, "पावलें मोजतें, झोंप मोजतें, यावरून बोलतांही येतें." मीं म्हटलें, "बाबा रे, माझी झोंप किती झाली हें मला ठाऊक असतें. माझ्या पुतण्याचें पत्र आलें, एवढें सांगणारें दे." तो हंसला, पण त्यानें खालच्या फळीवरून सर्वांत साधी पट्टी काढून दिली.

या पट्टीची कृति समजून घेतल्यास पुढील घोटाळे टळतात. ती स्वतः ई-मेल आणीत नाहीं. पत्र फोनमध्यें येतें. फोन ब्लूटूथ या अल्प पल्ल्याच्या बिनतारी लहरींनीं तिला इशारा देतो. मग पट्टींतील चिमुकली मोटर फिरते. बहुतेक पट्ट्यांत या मोटरच्या आंसावर एका बाजूसच वजन असतें. तें डोलत फिरलें, कीं मनगटास कंप जाणवतो. आवाज मुळींच होत नाहीं. मला उजव्या कानानें कमी ऐकूं येतें. माझ्यासारख्याला हें मोठेंच सुख आहे. मात्र या लहरींचा पल्ला घरांत साधारण दहा मीटरच धरावा. फोन घरीं ठेवून मी 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'च्या तळ्याकडे फिरावयास गेलों, तर पट्टी मुकीच राहणार.

विकत घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. कंप जोराचा आहे कीं नाहीं, हें दुकानांतच हातावर बांधून पाहावें. एकदां वीज भरल्यावर ती आठवडाभर पुरावी. रोज भरावी लागणारी पट्टी रोज विसरली जाते. आणि आपल्या नातेवाइकांचीं पत्रें मराठींत येत असतील, तर देवनागरी अक्षरें उमटतात कीं नाहीं, तें पाहावें. स्वस्त पट्ट्यांवर कित्येकदां अक्षरांच्या जागीं रिकामे चौकोन दिसतात.

परंतु खरें काम विकत घेतल्यानंतरचें आहे. सर्वच वर्द्या मनगटावर येऊं दिल्या, तर चपलांची सवलत टेबलावरून उठून हातावर येऊन बसेल. म्हणून मीं दोन संध्याकाळ बसून निवड केली. पट्टीच्या ॲपमध्यें ई-मेलखेरीज सर्व वर्द्या बंद केल्या. जीमेलमध्यें एक निराळें लेबल करून पांच जणांचीं पत्रें आपोआप त्यांत पडतील असें केलें, आणि त्या लेबलापुरतीच वर्दी चालू ठेवली. ज्यांच्याकडे आयफोन आहे, त्यांना मेलमध्यें निवडक मंडळींचीं नांवें 'व्हीआयपी' म्हणून नोंदवितां येतात. फोनमध्यें वीज वांचविण्याची जी सोय असते, तिच्यांतून पट्टीचें ॲप वगळावें. नाहीं तर फोन तें ॲप निजवितो व वर्दी अडून राहते. शेवटीं दुसऱ्याच्या फोनवरून स्वतःस एक पत्र धाडून परीक्षा घ्यावी. मास्तरकी केलेल्या माणसास परीक्षेवांचून चैन पडत नाहीं!

तीं पांच नांवें ठरवितांना मी पुष्कळ वेळ थांबलों. पेन्शनचें कार्यालय घ्यावें काय? बँक घ्यावी काय? त्यांचीं पत्रें संध्याकाळीं वाचलीं तरी चालतात. ज्याचें पत्र तासाभरानें वाचल्यास भरून न येणारी हानि होईल, त्याचेंच नांव घ्यावयाचें, असा नियम मीं केला. आणि त्या पांचही जणांस कळविलें, कीं खरोखर निकडीचें असेल तेव्हां पत्रावर विसंबूं नका. फोन करा, एकदां नाहीं उचलला तर पुन्हां करा. यंत्र चुकतें, वीज संपते, आणि म्हाताऱ्या माणसास झोंप लागते.

माझा पुतण्या अजूनही मला लिहितो, बहुधा रविवारीं. मनगटास कंप होतो, मी चष्मा शोधतों आणि वाचतों. विशेष कांहीं नसतें. बर्फ पडलें, मुलीची परीक्षा झाली, इतकेंच. तरीही मी लगेच उत्तर लिहितों. आपणही आज घरीं आपल्या पांच नांवांची यादी करून पाहा. पट्टी घ्यावयाची कीं नाहीं, तें मागाहून ठरवा.