मोरीचा उंबरठा



अध्यक्षानं व्यवसायाच्या वाटचालीचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो मोडून मी आज एका मोरीबद्दल बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक उपचाराला होते. डाव्या अंगावरून वारं गेलेलं. सुरुवातीला टेकल्याशिवाय बसताही येत नव्हतं. अडीच महिन्यांनी काठी घेऊन व्हरांड्याच्या चार फेऱ्या मारू लागले. बर्गच्या तोल-चाचणीत ५६ पैकी ४९ गुण. आकडा ४५ च्या वर गेला की आपण निर्धास्त होतो, तसा मीही झालो. त्यांनी आणलेले पेढे खाऊन निरोप दिला. नवव्या दिवशी पहाटे ते लघवीला उठले आणि मोरीच्या दारात पडले. डावा खुबा मोडला.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो त्यानंतर. पाणी बाहेर येऊ नये म्हणून मोरीला चार बोटं उंच उंबरठा. दार आत ढकलायचं. उंबरठ्याला लागून भिजलेलं गोणपाटाचं पायपुसणं. ज्या पायाचा पंजा वर उचलला जात नाही तोच पाय उंबरठ्यावरून न्यायचा, दार ढकलायला चांगल्या हातातली काठी सोडायची, आणि हे सगळं झोपेतून उठून, अंधारात, लघवीची घाई असताना. काकूंनी चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्याकडे तर ते छान चालायचे हो." सुरात तक्रार नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं.

आपल्या चाचण्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही; रोज वापरतो. बर्गच्या चाचणीत १४ कामं आहेत, पण ओली फरशी त्यांत नाही. खुर्चीतून उठा, ३ मीटर चाला, वळा, परत येऊन बसा, या चाचणीत वळणं आहे, पण ते मोकळ्या खोलीत. १९९५ साली जॅकलिन पेरी आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांची चालण्याच्या वेगावरून वर्गवारी केली. वेग सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी असेल तर चालणं घरापुरतं, ०.८ च्या वर गेलं तर माणूस बाहेर मोकळेपणी हिंडू शकतो. ही वर्गवारी आपण परीक्षेत घोकतो. तिचा अर्थ मला मोरीत उभं राहिल्यावर कळला. आपले सगळ्यांत अशक्त रुग्ण ज्या एकाच जागेत उरलेलं आयुष्य चालणार आहेत, ती जागा आपण पाहिलेलीच नसते.

घरात माणसं बोलतात, हेही आपण विसरतो. स्वीडनमधल्या उमेओ इथल्या संशोधकांनी १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांबरोबर त्यांनी चालता चालता गप्पा सुरू केल्या. १२ जण उत्तर द्यायला थांबले. त्यांतले १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. ना यंत्र, ना पैसा, नुसत्या गप्पा! पक्षाघातानंतर चालणं आपोआप होत नाही, एकेक पाऊल मनानं टाकावं लागतं. अशा वेळी स्वयंपाकघरातून हाक येते, "चहा टाकू का?" आणि माणूस मागे वळतो. घरच्यांना सांगा, पाठीमागून हाक मारू नका, समोर येऊन बोला. आणि व्यायामशाळेत आपण मात्र मुद्दाम बोलत राहू या, कारण जगाला गप्प करता येत नाही.

बाईमाणूस असेल तर प्रश्न आणखी अवघड. तिला 'आराम कर' म्हणणारे दोन महिन्यांत थकतात. एक हात चालतो. त्यात काठी धरायची की दुधाचं पातेलं? ती पातेलं धरते आणि काठी भिंतीला टेकलेली राहते. काठी वापरत नाही म्हणून आपण तिला ओरडतो. मोठ्या खिशाचा एप्रन, गळ्यात अडकवायची पिशवी, ओट्याजवळ उंच स्टूल, घोट्याच्या वर नेसलेली साडी किंवा सरळ गाऊन, यांवर बोलायला आपल्याला कमीपणा वाटतो. आणि चप्पल! लुळ्या पायातून ती निसटते हे तिला कळतसुद्धा नाही, कारण तळव्याला संवेदनाच कमी असते. मागून पट्टा असलेली सँडल हा उपचाराचा भाग आहे. काठीखालचं रबर उलटं करून पाहा. एका बाजूनं गुळगुळीत झालं असेल तर ती काठी ओल्या फरशीवर घसरणारच.

पडल्यानंतरचं तर आपण शिकवतच नाही. दोघं जण धावत येतात आणि लुळा हात धरून ओढतात. आधीच सैल झालेला खांदा आणखी निखळतो. चांगल्या कुशीवर वळवा, कोपरावर रेटून बसवा, समोर पक्की खुर्ची ठेवा, गुडघ्यावर आणा, मग चांगलं पाऊल पुढे टाकून उठू द्या. हे शांतपणे, गादीवर, घरच्यांसमोर दोनदा करून घेतलं की निम्मी भीती जाते. भीती राहिली तर घरचे त्याला खुर्चीतच बसवून ठेवतात. बसून बसून त्या अंगाचं हाड विरळ होतं, स्नायू आटतात, आणि पुढच्या वेळी साध्या पडण्यानंही खुबा मोडतो.

तुमच्या मनातला प्रश्न मला ऐकू येतोय. ओपीडीत सकाळी चाळीस रुग्ण, घरी जायचं कधी? मान्य. पण घरचं काम दुय्यम, हा समज तरी सोडू या. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेला 'लीप्स' हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पट्ट्यांनी वजन पेलून ट्रेडमिलवर चालवणं एकीकडे, थेरपिस्टनं घरी जाऊन घेतलेले ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दुसरीकडे. वर्षाअखेर चालण्यातली सुधारणा सारखीच निघाली. आणि त्या वर्षात निम्म्याहून अधिक रुग्ण एकदा तरी पडले होते. महागडी यंत्रं घेण्यासाठी वर्गणी काढणाऱ्या माझ्या मित्रांनी याचा जरूर विचार करावा.

जायला जमत नसेल तर रुग्णाच्या मुलाला सांगा, रात्री पलंगापासून मोरीपर्यंतची वाट मोबाइलवर चित्रित करून आण. टेपनं उंबरठा मोज. तेवढ्याच उंचीची फळी आपल्या विभागात ठेवा आणि तीवरून त्याला शंभर वेळा न्या, दार ढकलायचं नाटक करत, पायपुसणं मुद्दाम टाकून. गवंडी बोलावून उंबरठ्याला उतार करायला आणि दाराशी एक दांडा बसवायला फार खर्च येत नाही. पलंगाजवळ रात्रीचा दिवा आणि लघवीचं भांडं ठेवायला त्याहून कमी.

ते शिक्षक पुन्हा चालले, वॉकर घेऊन, घरापुरते. मोरीचा उंबरठा त्यांच्या मुलानं फोडून टाकला, पण खुबा मोडल्यावर.

माझी एकच मागणी आहे. सोमवारी कामावर गेलात की तुमच्या डिस्चार्ज कागदावर, व्यायामाच्या चित्रांच्या वर, एक ओळ छापून घ्या: 'मोरीच्या उंबरठ्याची उंची : ___ इंच.' ती ओळ भरल्याशिवाय सही करू नका.