कंबरेची कळ पायात का उतरते?

भातलावणी संपल्यावर आमच्या गटाच्या बैठकीला एक ताई उभ्याच राहिल्या. बसा म्हटलं, तर म्हणाल्या, "बसलं की कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत करंट मारतो." उसण भरली म्हणून त्यांनी पायाळू माणसाची लाथही खाऊन झाली होती! लाथेनं काही जागेवर जात नाही बायांनो, उलट इजा होऊ शकते.

पाठीच्या मणक्यांमध्ये मऊ गाद्या असतात आणि तिथूनच पायाकडे जाणाऱ्या नसा बाहेर पडतात. गादी सरकली की नसेच्या मुळावर दाब येतो. दाब कंबरेत, पण कळ जाणवते पायात. मोटारीजवळ पाइप दबला की शेवटच्या वाफ्याला पाणी कमी पडतं, तसंच हे. मानेतली नस दबली तर खांद्यापासून बोटांपर्यंत कळ आणि मुंग्या येतात, हातातलं भांडं सुटतं. (हात दुखण्यासोबत छातीत दाब आणि घाम असेल, तर मान चोळत बसू नका. ते हृदयाचं असू शकतं, लगेच दवाखाना गाठा.)

प्रत्येक कंबरदुखी नसेची नसते. कळ गुडघ्याखाली उतरते, पाय बधिर होतो, खोकलं-शिंकलं की झटका बसतो, तेव्हा नसेचा संशय घ्यावा. घाबरू नका, बहुतेकींना 6 ते 12 आठवड्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो. मात्र दिवसेंदिवस अंथरूण धरू नका, सोसेल तेवढं चाला. वाकून ओझं उचलणं तेवढं बंद. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आता लाजेची गोष्ट. बैठक उठल्यावर त्या ताईंनी आम्हाला बाजूला घेतलं. दोन दिवस लघवी नीट होत नव्हती, मांड्यांच्या मधली जागा बधिर होती. घरात पुरुषमाणसं, सांगायचं कसं? आम्ही तिथूनच 108 ला फोन लावला. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचाचा ताबा सुटणं, ती जागा बधिर होणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. पाऊल उचलेना, चप्पल पायातून निसटू लागली, तरी थांबायचं नाही. उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं.

ताईंचं ऑपरेशन झालं. आता त्या चालत बैठकीला येतात. अंगठा अजून बधिर आहे, पाण्याच्या घागरी मुलगा आणतो.