आरोग्यविम्याचे छत्र शेवटच्या घरापर्यंत

(कार्यकर्ता अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेवर आजचा विषय ‘आरोग्यविमा’ असा छापला आहे. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे विमा एजंट आणि बारीक अक्षरांतला कागद उभा राहतो. मी मात्र सुरुवात रुग्णालयाच्या दारापासून करणार आहे, कारण रुग्णसाहाय्य कक्षात बसता बसता मला हा विषय तेथेच समजला.

गेल्या पावसाळ्यात एक शेतमजूर आपल्या पत्नीला घेऊन आमच्याकडे आला. तिच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया करायची होती. शस्त्रक्रिया शासकीय योजनेत बसणारी, घरात केशरी शिधापत्रिका. म्हणजे अडचण काहीच नसायला हवी होती. पण पत्नीचे नाव त्या पत्रिकेवर नव्हते. लग्नाला अकरा वर्षे झाली, दोन मुले झाली, तरी माहेरच्या पत्रिकेवरून नाव कमी करून सासरच्या पत्रिकेवर चढवायचे राहून गेले होते. रुग्णालयाने अनामत रक्कम मागितली. गृहस्थाने म्हशीचा सौदा गावाकडे फोनवरून जवळजवळ ठरवलाही होता. आमच्या एका कार्यकर्त्याने दोन दिवस तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत बैठक मारली, नाव चढवून घेतले, आणि शस्त्रक्रिया एक रुपयाही न भरता झाली. म्हैस गोठ्यात राहिली.

या प्रसंगात योजना होती, पैसा होता, रुग्णालय होते, डॉक्टर होते. नव्हते ते फक्त योजनेपासून त्या घरापर्यंतचे शेवटचे पाऊल.

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. गरीब कुटुंबांतील हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा गंभीर आजारांच्या रुग्णांसाठी १९९७ मध्ये, युतीच्या राज्यात, जीवनदायी योजना सुरू झाली. २०१२ मध्ये तिला विम्याचे रूप देऊन आठ जिल्ह्यांत आणि पुढच्या वर्षी राज्यभर नेण्यात आले. ते काम आघाडी सरकारचे, आणि ते मान्य करण्यात आपल्याला कमीपणा वाटायचे कारण नाही. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये पंतप्रधानांनी रांची येथे ‘आयुष्मान भारत’चा प्रारंभ केला, त्यातील मर्यादा पाच लाखांची. २०२० पासून दोन्ही योजना राज्यात एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. पुढे २०२३ मध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला की, पिवळी, केशरी, पांढरी असा भेद न करता राज्यातील प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण द्यायचे. १ जुलै २०२४ पासून तो अमलात आला.

आता काही जण विचारतील, सर्वांना मिळाले, मग भाषण कशासाठी?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांचा एक आकडा पाहा. २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील ६४.२ टक्के भार लोक स्वतःच्या खिशातून उचलत होते; २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. ही मोठी घट आहे. तरीही शंभरातील एकोणचाळीस रुपये घरातूनच जातात, आणि ते प्रामुख्याने कोठे जातात हे तुमच्या प्रत्येकाच्या घरात ठाऊक आहे. मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, दर तीन महिन्यांच्या तपासण्या, सोनोग्राफी, डॉक्टरांची फी. यासाठी कोणी रुग्णालयात दाखल होत नाही, म्हणून योजनेच्या हिशेबात यातले बहुतेक काही येतच नाही. गोळ्या परवडत नाहीत म्हणून सोडणारा माणूस चार-पाच वर्षांनी मूत्रपिंड गमावून येतो, आणि तेव्हा शासन त्याच्यावर लाखो रुपये आनंदाने खर्च करते. हा कोणता हिशेब म्हणायचा?

बाह्यरुग्ण उपचार विम्यात बसतच नाहीत, असे विमा कंपन्यांचे लोक सांगतात. १९४८ च्या कायद्याने आलेली कर्मचारी राज्य विमा योजना त्यांनी पाहावी. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के घेऊन तेथे दवाखान्यातील तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंत सर्व काही दिले जाते. त्या दवाखान्यांच्या अवस्थेविषयी तक्रारी आहेत, पण तत्त्व सिद्ध झालेले आहे. प्रश्न इतकाच की रिक्षाचालक, धुणेभांडी करणारी मावशी, ऊसतोड कामगार यांच्या वाट्याचे सव्वातीन टक्के भरणारा मालक कोण?

येथे मला दोन अनुभव महत्त्वाचे वाटतात. २००३ मध्ये अटलजींच्या सरकारने सार्वत्रिक आरोग्यविमा आणला होता. पाच जणांच्या कुटुंबाने दररोज दीड रुपया द्यायचा आणि त्याला तीस हजारांपर्यंतच्या रुग्णालयीन खर्चाचे संरक्षण मिळायचे. कल्पना उत्तम होती, तरी ती अपेक्षेइतकी पसरली नाही. दारोदार जाऊन ती समजावणारे कोणी नव्हते आणि इतक्या लहान हप्त्यात कंपन्यांना रस नव्हता. त्याच वर्षी शेजारच्या कर्नाटकात ‘यशस्विनी’ सुरू झाली, वर्षाला साठ रुपयांत. ती मात्र लाखो शेतकऱ्यांपर्यंत गेली. कारण ती एकेकट्याला विकली गेली नाही; सहकारी संस्थांच्या सभासदांची नोंदणी त्यांच्या संस्थेमार्फतच झाली. विम्याचे गणितच असे आहे की, फक्त आजारी माणसे वर्गणी भरू लागली तर निधी बुडतो. अख्खे गाव भरते तेव्हा तो तरतो. २०१८ मध्ये ती योजना गुंडाळून दुसऱ्या योजनेत विलीन करण्यात आली, आणि लोकांनी इतकी मागणी केली की २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू करावी लागली.

दूधसंस्था, पतसंस्था, साखर कारखाने, विकास सोसायट्या यांचे जाळे महाराष्ट्राइतके आणखी कोठे आहे? माझा आग्रह असा की, पाच लाखांच्या योजनेला जोडून औषधे आणि तपासण्यांसाठी अल्प वर्गणीची राज्यस्तरीय योजना या जाळ्यातून उभी राहावी. वर्गणीचा काही भाग सभासदाने, काही संस्थेने आणि काही शासनाने उचलावा. पूर्णपणे फुकट का नको, असे विचाराल. दीनदयाळजींनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडताना शिक्षणाबरोबर औषधोपचारही विनामूल्य असावेत, असे म्हटले होते, हे मी विसरलेलो नाही. पण विनामूल्य याचा अर्थ कोणीच भरत नाही असा नसतो. रुग्णाने आजारपणाच्या वेळी भरावे लागू नये, हा त्याचा अर्थ. निरोगी असताना सर्वांनी मिळून भरलेले असावे.

मध्यमवर्गीय बांधवांविषयीही बोलले पाहिजे, कारण समोर बहुसंख्य तेच बसले आहेत. नोकरी असेपर्यंत कंपनीची पॉलिसी असते आणि साठाव्या वर्षी, नेमकी गरज लागते तेव्हा, ती संपते. त्यात हप्त्यावर अठरा टक्के जीएसटी होता. नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये तो हटवण्याविषयी अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील हा कर शून्य झाला. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, २०२४ च्या ऑक्टोबरपासून ‘आयुष्मान’चे संरक्षण मिळाले आहे. मागणी नेटाने केली तर ऐकली जाते, एवढे यातून दिसते. साठ ते सत्तर या दहा वर्षांचे मात्र अजून कोणी बोलत नाही.

आणि रुग्णालयांची बाजूही ऐका. योजनेत ठरलेले दर महागाईबरोबर वाढले नाहीत आणि देयके महिनोन्महिने अडकली, तर सेवाभावी रुग्णालयेसुद्धा खाटा कमी करतील. संभाजीनगरच्या डॉ. हेडगेवार रुग्णालयासारखी सेवाभावावर उभी राहिलेली रुग्णालये आपल्याला चालवायची असतील, तर दरांचा ठरावीक काळाने फेरविचार आणि मुदतीत देयक, ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

शासनाकडे निवेदन जाईलच. त्याचा मसुदा मागच्या टेबलावर आहे, तो वाचून सूचना द्या. त्याआधी पुढच्या रविवारी प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील घरांत जाऊन शिधापत्रिका पाहायच्या आहेत. प्रत्येक सुनेचे आणि प्रत्येक लहान मुलाचे नाव त्यावर आहे का, आधारवरील नावाशी ते काना-मात्रेसह जुळते का, घरातील ज्येष्ठांचे आयुष्मान कार्ड निघाले आहे का. नमुना तक्ता दाराशी ठेवला आहे. जाताना प्रत्येकी वीस प्रती घेऊन जा.