विश्वासाचा ठसा

परक्या मुलखात जाऊन तेथील कारागिरांना साहाय्य करावयाचे म्हटले, म्हणजे पैसा आणि तांत्रिक ज्ञान यांचाच विचार प्रथम मनात येतो. वस्तुतः पहिली अडचण निराळीच असते. आलेला माणूस टिकणार किती दिवस आणि दिलेला शब्द पाळणार काय, ही ती अडचण होय. कॅनडाच्या उत्तर टोकाकडील इन्युइट लोकांच्या एका सहकारी संस्थेची हकीगत या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९४८ साली जेम्स ह्यूस्टन हा तरुण चित्रकार हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील इनुकजुआक या वस्तीत गेला. तेथील भाषा त्याला येत नव्हती. तो लोकांची रेखाचित्रे काढीत बसे. अशाच एका चित्राच्या बदल्यात एका शिकाऱ्याने त्याच्या हाती दगडात कोरलेले चिमुकले हरिण ठेवले. कोल्ह्याच्या कातड्याचे भाव कोसळल्याने ती माणसे त्या काळी हलाखीत होती. १९४९ साली माँट्रिअल येथील हस्तव्यवसाय मंडळाने त्यांची शिल्पे विक्रीस मांडली आणि ती तीन दिवसांत संपली. परक्याच्या शब्दाला वजन येते ते अशा रोकड्या प्रत्ययाने.

तथापि, सद्भावनेच्या हातूनही चूक घडते. १९५१ साली ह्यूस्टनने नमुन्यांची एक सचित्र पुस्तिका तयार केली. बाहेरच्या गिऱ्हाइकास काय रुचेल, हे तीत सुचविले होते. काही कारागिरांनी ती चित्रेच बरहुकूम उतरविली, आणि पुढे या पुस्तिकेवर टीका झाली. उपदेश झाला होता. ऐकून घेणे राहिले होते.

१९५७ साली बॅफिन बेटालगतच्या किनगाइट येथे, म्हणजे तेव्हाच्या केप डॉर्सेट येथे, उलटा प्रकार घडला. ओसुइटोक इपीली हा शिल्पकार सिगारेटच्या दोन पाकिटांवरील एकसारखे चित्र न्याहाळीत होता. तेच चित्र पुनःपुन्हा रंगविणे किती कंटाळवाणे असेल, असे तो म्हणाला. ह्यूस्टनने ओसुइटोकनेच कोरलेल्या वॉलरसच्या सुळ्यावर शाई लावून पातळ कागदावर ठसा उमटवून दाखविला. हे आम्हालाही जमेल, असे ओसुइटोकचे उत्तर आले. या वेळी प्रश्न कारागिराचा होता. त्याचे नीट उत्तर देता यावे म्हणून ह्यूस्टन जपानला गेला आणि उनिची हिरात्सुका यांच्याकडे ठशांची कला शिकून आला.

१९५९ साली सहकारी संस्था स्थापन झाली. तिचे मालक झाले इन्युइट सभासद. सरकारदप्तरी त्यांची ओळख तेव्हा बिल्ल्यावरील क्रमांकाने होत असे. या चित्रांवर मात्र कलावंताचे नाव त्याच्याच लिपीत उमटू लागले. कागदावरील ही अक्षरे लहान खरी. पण माणसाला क्रमांकावरून नावाकडे नेणारी होती.

१९६२ साली ह्यूस्टन तेथून निघून गेला. संस्था मोडली नाही. केनोजुआक अशेवाक यांनी १९६० साली काढलेले घुबडाचे चित्र १९७० साली कॅनडाच्या टपाल तिकिटावर झळकले, आणि किनगाइटचे ठसे आजही निघत आहेत. साहाय्यकर्त्याच्या पश्चात काम त्याच्यावाचून चालावे, हीच त्याच्यावर ठेवलेल्या विश्वासाची खरी परतफेड होय.