दुर्गंधी फूल आणि देखणे बांडगूळ

सुरत शहराच्या आग्नेयेस असलेल्या डिंडोलीत खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. अशा एखाद्या घरच्या परसात सुरणाचा जुना कंद मातीत राहून गेला, तर पावसाच्या आरंभी तेथे सडक्या मांसासारखी घाण सुटते. माणसे मेलेली घूस शोधू लागतात. सापडते ते मात्र जमिनीलगत उमललेले मोठे, जांभळट फूल. ते तत्काळ उपटून फेकले जाते.

वस्तुतः हा दुर्गंध म्हणजे कीटकांना धाडलेले निमंत्रण होय. हे एक फूल नसून असंख्य बारीक फुलांचा दांडा असतो. खाली स्त्रीपुष्पे, वर पुंपुष्पे. स्त्रीपुष्पे प्रथम सिद्ध होतात. त्या वेळी दांडा ऊब निर्माण करतो आणि वास दूरवर पसरतो. कुजक्या मांसाच्या आशेने भुंगेरे व माश्या येतात. मागाहून पुंपुष्पांतून पराग झडतो. तो अंगावर घेऊन हे कीटक दुसऱ्या सुरणाकडे जातात. ठाणे-पालघरकडील शेवळे हे याच कुळातले. त्याचे न उमललेले कोंब काकडाच्या फळांसह शिजवून लोक आवडीने खातात.

दुर्गंध आणि परोपजीवन एकत्र आढळते ते रॅफ्लेशियात. 1818 साली सुमात्रा बेटावर जोसेफ अर्नोल्ड यांनी त्याची नोंद केली. या फुलाचा व्यास सुमारे एक मीटर भरतो. पण वनस्पतीला ना पान, ना खोड. ती रानवेलीच्या अंगातच तंतुरूपाने वाढते.

आपल्याकडील बांडगूळ इतके परावलंबी नाही. त्याची पाने हिरवी असल्यामुळे ते स्वतःचे अन्न तयार करते. पाणी व क्षार मात्र आंब्याच्या फांदीत शोषकमुळे रुतवून घेते. त्याची नारिंगी फुले देखणी असतात. मधासाठी शिंजीर पक्षी येतात. फुलटोचा फळ खातो, आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर रुजते. वेळीच काही अंतर मागून फांदी छाटली नाही, तर आंब्याच्या फांद्या वाळू लागतात.

सुरणाचे फूल थोड्याच दिवसांत कोमेजते आणि त्याच कंदातून पान वर येते. तेवढे दिवस नाक मुठीत धरावे, आणि कोयता मात्र आंब्यावरील त्या देखण्या फुलांच्या फांदीवर चालवावा.